पाहुणा आकडा

१० जानेवारी २०००, सोमवार

कॉम्प्युटर आला एकदाचा! जोडून घेतलेला आहे, कंपनीचा नाही. चौदा इंची मॉनिटर ड्रॉइंग बोर्डाशेजारी ठेवला, तर बोर्ड एकदम म्हातारा दिसायला लागला. वडिलांनी, आमच्या अण्णांनी, लगेच मॉनिटरवर जुनी चादर टाकली. "धूळ बसेल." मी म्हटलं, अण्णा, चालू आहे तो अजून.

हा सगळा घाट सुलाबाईंमुळे. येवल्याजवळच्या त्यांच्या बचत गटाला सरकारी योजनेतून भट्टी मंजूर झाली. झिलईच्या बरण्या करणार आहेत. योजनेच्या साहेबांनी सांगितलं, हाताने काढलेला नकाशा चालणार नाही, कॉम्प्युटरचाच हवा, फ्लॉपीसकट. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाया. म्हणजे माझ्याकडे दोन महिने आहेत आणि मला अजून माउस धरता येत नाही.

पण काढायचं कशात? भट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर असं काही नसतंच म्हणे. घरांना आहे, गिअरना आहे, नटबोल्टना आहे. कुंभाराच्या भट्टीचा विचार जगात कोणी केलेला नाही.

१२ जानेवारी

द्वारका चौकात सुनीलच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले. खाली ट्रकचे हॉर्न, वर आठ कॉम्प्युटर आणि एक पंखा. सुनील पंचविशीतला, मला मॅडम म्हणतो, आणि विकायचं असेल तेव्हा ताई.

दोन आहेत माझ्यासमोर. एक ऑटोकॅड, सगळे तेच वापरतात. दुसरं "शिल्पी", पुण्यातल्या एका नवरा-बायकोने केलेलं, स्वस्त आणि साधं. सुनील त्याच्याकडे बघतही नाही. "ताई, त्याला मार्केट नाही."

मी एकच विचारलं. रेघेवर जो आकडा येतो, तो मला बदलता येईल का? ऑटोकॅडमध्ये येतो. आकडा निवडायचा, हवा तो टाइप करायचा, रेघ आहे तशीच राहते. शिल्पीत येत नाही. रेघ जेवढी, आकडा तेवढाच. संपलं.

सुनीलला माझा प्रश्नच कळला नाही. "खोटा आकडा कशाला लिहायचा, मॅडम?" त्याला काय सांगू! आमच्या धंद्यात भट्टीच्या प्रत्येक कागदावर एक आकडा मुद्दाम खोटा असतो. त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. खरा आकडा कागदावर नसतो, मिस्त्रीच्या तोंडात असतो. गिऱ्हाइकाने तोच कागद दुसऱ्या गवंड्याला दिला, तर भट्टी उभी राहते पण तापत नाही. मग मुकाट्याने परत येतात. रेघांवर पट्टी लावूनही काही हाती लागत नाही, कारण भट्टीचे कागद मुद्दामच प्रमाणात काढत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय.

तेव्हा ऑटोकॅडच घ्यावं लागणार. अण्णाही घरी तेच म्हणाले. "ज्यात आकडा आपल्या हातात राहतो, ते घे."

१५ जानेवारी, संक्रांत

रंगनाथमामा आणि साळूमामी म्हसरूळहून आले, तिळगूळ घेऊन. सख्खे मामा नाहीत, पण सख्ख्यांनी माझ्यासाठी काय केलंय म्हणा. नाशिक जिल्ह्यात निम्म्या भट्ट्या मामांच्या हातच्या. चाळीस वर्षं मामा सांगत आले आणि अण्णा काढत आले. मामा इंचात बोलत नाहीत, विटांत बोलतात. दोन वीट, अडीच वीट. अण्णा त्याचे इंच करून कागदावर मांडायचे. नाव मात्र मामांचं. लोक रंगनाथची भट्टी म्हणतात. अण्णांची सही कोपऱ्यात, मुंगीएवढी.

मामांनी कॉम्प्युटरला हात जोडले. मग म्हणाले, "ह्याला आगीचं कळतं का?" मी म्हटलं, नाही. "मंग काय कामाचा." आणि स्वतःच हसले.

अठ्ठ्याऐंशी साली मी आयटीआयची ड्राफ्ट्समनची परीक्षा पास झाले, तेव्हा मामांनी अण्णांकडून माझ्यासाठी भट्टीच्या कागदांचा एक सेट करून घेतला होता. तीन शीट. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले होते, "तुझ्या कागदात पाहुणा नाय. माझ्या मागं तूच." त्यांना मूल नाही. मला आई नव्हती. त्या दिवशी मला वाटलं, मला काहीतरी मिळालं जे चोरता येत नाही.

आता तोच सेट कॉम्प्युटरवर चढवायचा आहे. सुलाबाईंची भट्टी त्याच्यावरूनच होणार.

२२ जानेवारी

माउस हा प्राणी माझ्या हाताला वश नाही. सरळ रेघ काढायला गेले तर टेबलच संपलं. अण्णा हसले. कितीतरी महिन्यांनी.

२ फेब्रुवारी

आज काहीतरी विचित्र झालं.

क्लासमध्ये ऑटोकॅडवर मागची भिंत काढत होते. कागदावर काढताना आपण रेघ मारतो आणि वर आकडा लिहितो, रेघेचा आणि आकड्याचा संबंध आपल्या मनात. इथे आधी आकडा टाकायचा, मग तेवढीच रेघ उमटते. मी तिसऱ्या शीटवरून एकेक टाकत गेले. डावीकडची भिंत साडेबावीस इंच. मधे धुराचा बोगदा, ज्यातून सगळी आग धुराड्याकडे ओढली जाते, तो नऊ इंच. उजवीकडची भिंत साडेबावीस. आणि भिंत कोपऱ्याला पोचलीच नाही.

पहिल्या शीटवर एकूण रुंदी साडेअठ्ठावन्न आहे. माझी बेरीज चोपन्न. साडेचार इंच हवेत. बरोबर अर्धी वीट. सुनीलने झूम करून दाखवलं. पडद्यावर फट, बोट घालता येईल एवढी.

माझीच चूक असणार. उद्या पुन्हा.

३ फेब्रुवारी

पुन्हा टाकलं. शिल्पीत टाकलं. कागदावर पेन्सिलीने बेरीज केली. फट तिथेच आहे.

५ फेब्रुवारी, शनिवार

आज क्लासला गेले नाही. लिहून काढल्याशिवाय डोकं थाऱ्यावर येणार नाही.

नांदगाव. एप्रिल शहाण्णव. माझी पहिली भट्टी, आणि शेवटची. पुंजा कुंभाराकडे. मामा म्हणाले होते, "ही तू एकटीनं बांध, मी येनार नाय." निघताना आपली गवंडीकामाची थापी दिली होती, मूठ घासून गुळगुळीत झालेली. मी कागद घेऊन गेले, गवंडी लावले, अठरा दिवस उन्हात उभी राहिले. मागची भिंत बांधताना अर्धी वीट कमी पडायला लागली. मला वाटलं, माझीच दोरी चुकली. कुणाला सांगायला नको म्हणून एका अंगाला अर्धी वीट जास्त घालून घेतली. विटा बसल्या. मी खूश!

दोन दिवस लाकडं जाळली. झिलई वितळेना. धूर धुराड्यातून जायच्या ऐवजी पुढच्या तोंडातून येत राहिला. सगळं गाव जमलं. कोणीतरी म्हणालं, "बाईला दिली तवाच म्हनलं हुतं." पुंजा उरलेली लाकडं मोजत बसला, तेच जास्त लागलं. मामांना निरोप गेला. ते एसटीने आले, भट्टी गार झाल्यावर आत शिरले, अर्ध्या दिवसात काहीतरी केलं आणि भट्टी पेटली. मी बाहेर लिंबाखाली बसले होते. आत काय केलं ते बघितलं नाही. विचारलंही नाही. तोंड कुठे होतं विचारायला?

परत येताना एसटीत मामा एवढंच म्हणाले, "होतं आसं. पयल्या भट्टीला."

घरी आले तर अण्णांनी माझ्यासाठी नवा बोर्ड आणून ठेवला होता. माझ्या उंचीचा. "आता इथे बस. गावोगाव उन्हातान्हात नको." मला रडू आलं होतं. वाटलं, जगात एक तरी माणूस आहे जो काही विचारत नाही.

चार वर्षं मी समजत होते की मला आगीचं कळत नाही. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या भट्ट्यांची चित्रं काढतेय आणि बांधायला जात नाही. आणि माझ्या कागदात पाहुणा होता! डोक्यावर हात ठेवून दिलेल्या कागदात!

मामांना माहीत होतं. मला एकटीला पाठवलं, फसू दिलं, मग येऊन अर्ध्या दिवसात नीट केलं. गावासमोर. नाव कोणाचं झालं? केसाने गळा कापणं म्हणतात ते हे.

६ फेब्रुवारी

स्वतःला एक शेवटची संधी दिली. म्हटलं, अण्णांच्या हातून चुकून झालं असेल का? ट्रेसिंग पेपरवर शाईची चूक झाली की ब्लेडने खरवडावी लागते. मग ती जागा बोटाला खरबरीत लागते, कितीही घासा. तिसरं शीट खिडकीशी धरलं, वरून बोट फिरवलं. सगळे आकडे गुळगुळीत. एकही खरवडलेला नाही. म्हणजे सांगितलंच तसं होतं, आणि अण्णांनी बिचाऱ्यांनी सांगितलं ते लिहिलं. त्यांचा आकडा आयुष्यात कधी चुकलेला नाही. ते नोकरीला होते त्या कारखान्यात लोक त्यांच्या कागदावरून घड्याळ लावायचे म्हणतात.

अण्णांना सांगितलं. एवढंच, की माझ्या सेटमध्ये एक आकडा खोटा आहे, मामांनी मलाही फसवलं, नांदगावला मी चुकले नव्हते. कुठला आकडा, ते त्यांनी विचारलंही नाही. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "जुनी गोष्ट आहे. राहू दे."

कसं राहू देऊ? पण त्यांचा चेहरा बघवेना. चाळीस वर्षांचा मित्र असा निघाला, त्यांना माझ्यापेक्षा जास्त लागलं असणार. पुन्हा विषय काढायचा नाही त्यांच्यापुढे.

९ फेब्रुवारी

अण्णा जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. हेही मामांच्या नावावर.

१३ फेब्रुवारी, रविवार

म्हसरूळला जाऊन आले. 

मामा ओट्यावर जुन्या विटा निवडत बसले होते. एकमेकींवर आपटायच्या, आवाज ऐकायचा, डावीउजवीकडे टाकायच्या. साळूमामीने चहा टाकला. मी चहाची वाट न बघता क्लासमधला प्रिंट त्यांच्यापुढे ठेवला. नांदगावला धूर मागे ओढलाच गेला नव्हता, म्हणून बोट आधी बोगद्यावर ठेवलं.

"हा धुराचा बोगदा. माझ्या कागदात नऊ इंच आहे."

"मला इंच नको सांगू, पोरी. विटा सांग."

"एक वीट."

त्यांनी हातातली वीट खाली ठेवली. "बोगदा येक वीट? कोन म्हनलं?"

"तुम्ही."

"मी दीड सांगितली. लोकांच्या कागदात काय बी आसू दे, तुझ्या कागदाला मी दीडच सांगितली. अण्णाला इचार."

माझं डोकंच फिरलं. चोरी पकडली तर आता आजारी माणसावर ढकलतात! मी खूप बोलले. सगळं आठवत नाही. एवढं म्हटलं ते आठवतंय, "अण्णांना मधे आणू नका. त्यांचा आकडा उभ्या आयुष्यात चुकलेला नाही."

मामांनी प्रिंट उचलून डोळ्यांजवळ धरला. वाचता येत नाही त्यांना, नुसत्या रेघा बघत होते. मग सावकाश म्हणाले, "खरं हाय. अण्णाचा आकडा नाय चुकत." प्रिंट खाली ठेवत, "मंग माझाच चुकला आसंल. मीच सांगितला आसंल तसा."

कबूल! इतक्या सहज! माफीसुद्धा नाही. मी पिशवीतून थापी काढली आणि विटांवर ठेवली. साळूमामी म्हणाली, "अगं, थापी कोन परत देतं व्हय?" मामा म्हणाले, "ठिवू दे तिला. थापीपायी भांडू नको."

चहा तसाच राहिला. मामी फाटकापर्यंत आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी वळून बघितलं नाही.

१४ फेब्रुवारी

राग उतरला की रडू येईल म्हणून राग धरून ठेवलाय.

२० फेब्रुवारी

क्लास. सुनीलला सांगितलं की कागदात घोळ आहे, भिंत जुळत नाही. त्याने दोन मिनिटांत जुळवली. रेघ ओढून कोपऱ्याला टेकवली आणि वर "९" टाइप केलं. "झालं, मॅडम. साहेब काय पट्टी लावून बघणार आहेत?"

पडद्यावर सगळं नीट दिसायला लागलं. फट गेली. खोटं किती स्वच्छ दिसतं, ते आज बघितलं.

आणि तिथेच ठरलं. घरी येईपर्यंत थांबले नाही, खाली एसटीडी बूथवरून पुण्याला फोन केला. शिल्पी. त्या बाईच बोलल्या. म्हणाल्या, "आकडा बदलता येत नाही म्हणून लोक घेत नाहीत हो." मी म्हटलं, मी त्याच्यासाठीच घेतेय.

माझ्या कागदात पाहुणा नसेल. कोणाच्याच कागदात नसेल. रीत गेली खड्ड्यात.

२६ फेब्रुवारी

शिल्पीची फ्लॉपी कुरिअरने आली. चालते. हिरव्या रेघा, बटणं मराठीत. आवडली मला.

दुपारी सुलाबाई आल्या, येवल्याच्या बसने, डोक्यावर पदर, पिशवीत माझ्यासाठी दोन मडकी. कॉम्प्युटरपुढे खुर्ची दिली तर खाली बसल्या. मी त्यांची भट्टी दाखवली. फिरवून, वरून, पुढून. त्यांनी पडद्याला हात लावून बघितला.

म्हणाल्या, "ताई, उघड्यावरच्या आव्यात भाजताना निम्मा माल फुटतो आमचा. गावातले गडी म्हनत्यात, बायकांची भट्टी कुठं पेटती का. आमी बारा जनी हाव. ही फसली तर पुन्यांदा कुन्या बाईला भट्टी मिळायची नाय." मग पदर सावरत, "तुमीच येनार ना उभं राहायला? मिस्त्री नको. तुमी या."

मी हो म्हणून बसले. नांदगावनंतर पहिल्यांदा.

त्या गेल्यावर पुन्हा तिसरं शीट काढून बसले. कारण बोगद्याचा आकडा माझ्याकडे नाही. फट अर्ध्या विटेची आहे हे खरं, पण ती कोणाच्या वाट्याची? बोगद्याची, की बाजूच्या भिंतींची? बोगदा बारीक राहिला तर नांदगाव होईल. उगाच मोठा केला तर आग सगळी धुराड्यातून पळून जाईल, भांडी कच्ची. मामा आधी दीड म्हणाले, मग म्हणाले मीच चुकलो असेन. ज्याने बारा वर्षं खोटं सांभाळलं त्याच्या कुठल्या वाक्यावर बारा बायकांची भट्टी उभी करू?

शिल्पीत रिकामी जागा ठेवता येत नाही. काहीतरी टाकावंच लागतं.

१ मार्च

टाकलं नऊ. खोडलं. टाकलं साडेतेरा. खोडलं. सोमवारी पाया.

३ मार्च, शुक्रवार

म्हसरूळहून साळूमामीचा निरोप आला, शेजारच्या दुकानातल्या फोनवर. सुलाबाईच्या गावाला जाणार असशील तर विटा आधी आपटून बघ, मामांनी सांगितलंय. आवाज खणखणीत आला तरच आतल्या अंगाला लाव.

अजून शिकवतायत! 

४ मार्च, शनिवार

सकाळी अण्णांना चहा दिला. आज पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून कॉम्प्युटरवरची चादर काढून घडी करून ठेवली होती.

"कुठलं घेतलंस शेवटी?"

"शिल्पी."

"त्यात आकडा बदलता येत नाही?"

"नाही. रेघ जेवढी, आकडा तेवढाच."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग वर न बघता म्हणाले, "बोगदा साडेतेरा धर."

खोटा आकडा बोगद्याचा आहे, हे मी घरात कधी बोललेच नव्हते.

साडेतेरा म्हणजे दीड वीट.

थापी मी म्हसरूळला ठेवून आले.